पाहुण्या संघाचा गोली

दवाखान्यातून घरी आल्यावर नवऱ्याने पहिलं काही मागितलं असेल, तर फुटबॉलच्या मॅचला जायची परवानगी. त्याची बायको बेकरीत कामाला होती. पहाटेपासून भट्टीसमोर उभी राहून नुकतीच घरी आलेली. तिने चपला काढता काढताच फर्मान सोडलं, "मैदानातच हृदय बंद पडलं होतं ना तुमचं? मग आता घरात बसायचं. गप."

"अगं, मैदानात पडलो म्हणून वाचलो. घरी पडलो असतो तर तू भट्टीपाशी, आणि मी इथे एकटा."

तरी पुढचे कित्येक महिने तिने त्याला जाऊ दिलं नाही.

झालं होतं असं. कठड्याला रेलून मॅच बघता बघता तो कोसळला. खेळ थांबला. पाहुण्या संघाचा गोली गोल मोकळा टाकून धावत आला, कठड्यावरून उडी मारली आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिला. हे सगळं तिला लोकांकडून कळलं. त्या गोलीचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला 'खांब' म्हणत. तिने त्यांच्या क्लबला फोन केला, एकदा नव्हे अनेकदा. पण अगदी खालच्या लीगमधला क्लब, तिथे फोन उचलायला बसणार कोण?

नव्या हंगामात तोच संघ पुन्हा खेळायला येणार असं कळलं, तेव्हा तीच म्हणाली, "चला. मीही येते."

आदल्या दिवशी धो धो पाऊस पडून गेला होता. मैदानाच्या मधोमध नुसता चिखलाचा राडा. चेंडू घरंगळत यायचा आणि डबक्यात बसकण मारायचा. मग चारपाच जण त्याच्यावर तुटून पडायचे आणि उठायचे तेव्हा कोण कुठल्या संघाचा ते त्यांच्या आयांनाही ओळखू आलं नसतं.

"निळे आपले," नवरा म्हणाला.

"तुमचे," ती म्हणाली. "माझा तो तिकडचा."

खांब लांबलचक, किडकिडीत, गुडघ्यांपर्यंत चिखलात. मागून कुणीतरी ओरडलं, "ए खांबा, मुळं फुटली काय रे?" सगळे खदखदले.

ती गर्रकन वळली. "त्याला काही बोलायचं काम नाही!"

छत्रीखाली बसलेला एक ट्रकवाला चपापला. "वहिनी, पण तुम्ही तर आमच्या बाजूला बसलाय."

"असेन बसले. हे माझ्या शेजारी बसलेत ना, ते त्याच्यामुळे."

ट्रकवाल्याने वाकून नवऱ्याकडे पाहिलं आणि छत्रीच मिटवली. "अहो, तुम्हीच का ते? हे पडले तेव्हा यांच्या डोक्याखाली माझं जाकीट होतं, वहिनी!"

पिशवीतला गोड पाव काढून तिने त्याच्या हातात कोंबला. त्यानंतर त्या रांगेतून खांबाला कुणी चकार शब्द बोललं नाही.

मॅच संपायला आली आणि चेंडू गोलसमोरच्या डबक्यात अडकला. खांब पुढे झेपावला, घसरला आणि पोटावर सपाट झाला. एका निळ्याने चेंडू अलगद आत ढकलला. गलका उसळला. नवऱ्याचे हात सवयीने वर गेले, मग बायकोकडे बघून तसेच खाली आले.

"ओरडा," ती म्हणाली. "पण हळू."

मॅच संपल्यावर ती त्याला दंडाला धरून कपडे बदलायच्या खोलीकडे घेऊन गेली. खांब बाहेर पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. काय काय बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "हे माझे मिस्टर."

त्याने वर पाहिलं. हातातला बूट खाली पडला.

"तुम्ही... जिवंत आहात?"

"डॉक्टर तरी तसंच म्हणतात," नवरा म्हणाला.

तो उठला, पुन्हा बसला. "मी प्लंबर आहे हो. कामावर एकदा शिकवलं होतं, तेवढंच. तुम्हाला गाडीत घातलं, आमची बस निघाली, पुढे काही कळलंच नाही. आणि विचारायचा धीर होईना. विचारत नव्हतो तोवर तुम्ही जिवंत होता."

"यांच्या दोन बरगड्या मोडल्यात तुम्ही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "हाताखाली कळलं होतं मला."

"आणखी दोन मोडल्या असत्या तरी चाललं असतं मला!" तिने त्याचा चिखलाने माखलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि मग तिला रडू आवरेना.

तोही डोळे पुसत होता. त्यामुळे चिखल तोंडभर झाला. मग दार ढकलून तो आत ओरडला, "अरे, बाहेर या! कोण आलंय बघा!" हरलेला अख्खा संघ बाहेर लोटला, कुणी एका पायात मोजा घालून, कुणी टॉवेल गुंडाळून. प्रत्येकाने नवऱ्याचा हात हातात घेतला. एकाने तर नाडीच बघितली.

"मघाचा गोल कसा दिसला हो तिकडून?" खांबाने विचारलं.

"फार वाईट," नवरा म्हणाला. सगळे हसत सुटले. तोही, बरगड्यांवर हात ठेवून. आजारपणानंतर तो असा मोकळा हसलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

बसवाला हॉर्न वाजवून कंटाळला, तेव्हा कुठे ते निघाले. खांबाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पुढची मॅच आमच्याकडे आहे. याल का?"

नवऱ्याने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "येणार म्हणजे येणार!"