तिसऱ्या केंद्राची पिशवी

सावे सरांनी तिसऱ्या केंद्राचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल पेनाने खोडला आणि पेनाला टोपण लावलं.

"हे काढून टाक. नमुने नीट घेतले गेले नसतील."

"सर, चार वेळा घेतलेत. दर वेळी माशांत शिसं तेवढंच जास्त येतंय."

"चूकही चार वेळा होऊ शकते, उन्नती. आणि आता तिकडे जाऊ नकोस."

दोन वर्षं उन्नती खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून निवटे पकडत होती. चिखलावर उड्या मारणारे ते बोटभर मासे खाडीकाठची माणसं आवडीने खातात. तीन जागा, तीन केंद्रं. तिसरं केंद्र बोईसरकडचा नाला खाडीला मिळतो तिथलं. नाल्याकाठच्या एका कारखान्याचे सावे सर सल्लागार होते, हे कॉलेजच्या शिपायालाही ठाऊक होतं. तेच उन्नतीच्या संशोधनाचे मार्गदर्शक, पण त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शुक्रवारी बैठक होती. सरकारी संशोधन परिषदेची फेलोशिप उन्नतीला पुढे चालू ठेवायची की नाही, हे तिघं जण ठरवणार होते आणि त्या तिघांतले एक सर. फेलोशिप थांबली की पीएचडी थांबली. मग सातपाटीच्या बाजारात आईच्या मासळीच्या पाटीशेजारी दुसरी पाटी. त्या कामाची तिला लाज नव्हती, पण एवढा चिखल तुडवून परत तिथेच यायचं होतं तर निघायचं तरी कशाला?

ती दाराशी पोचली तेव्हा सर मागून म्हणाले,

"शुक्रवारी पापलेटं आण. पाहुण्यांना बरोबर देऊ. पण खोल पाण्यातली हं. खाडीतलं काही नको."

उन्नतीने मान हलवली. जिना उतरताना तिच्या मनात त्या माणसाची किळस होतीच, पण आपली मान इतकी पटकन हलली याची जास्त होती.

शुक्रवारी सकाळी काशीबाईने बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा लेकीच्या हातात दिला.

"पापलेटांच्या तीन पुड्या केल्यात. धर्माजीच्या बोटीची, कालची. कल्ले बघून घेतलेत मी. कुठली विचारली तर सांग, लपवू नको."

"आये, तू माशांचं सांगतेस. तिथं सगळंच लपवायचं हाय."

काशीबाईला ते कळलं नाही. तिच्या धंद्यात गिऱ्हाइकाने विचारायच्या आत मासा कुठला ते सांगायची रीत होती.

बैठकीत उन्नतीने दोनच केंद्रं दाखवली. बाहेरून आलेल्या हेतल मॅडमनी चष्मा वर केला.

"नाल्याच्या तोंडाशी नमुने का नाही घेतले?"

उन्नतीने तोंड उघडलं, पण सर आधी बोलले.

"तिथे निवटे मिळतच नाहीत, मॅडम."

इतकं सहज खोटं. उन्नती फळ्याकडे बघत राहिली. या खोट्यावर आपलंही नाव चढलं, हे तिला कळत होतं. तिघांत काही बोलणं झालं, माना डोलल्या. हेतल मॅडमनी सही केली, कॉलेजच्या प्राचार्यांनी केली, आणि फॉर्म सरांपुढे सरकला. सरांनी तो बाजूला ठेवला.

"सहीचं काय, होईल. आधी हे बघा. आमच्या उन्नतीच्या घरची पापलेटं."

त्यांनी मोठ्या हौसेने डब्याचं झाकण काढलं, बर्फात हात घातला आणि एक पुडी वर काढली. जाड, तोंड घट्ट मिटलेली पिशवी. तिच्यावर उन्नतीच्या अक्षरात काळ्या शाईने लिहिलं होतं: केंद्र ३, नाल्याचं तोंड, निवटे.

पुडी सरांच्या हातातून टेबलावर पडली.

"हे काय आणलंस तू? फेक आधी ते!"

ते उठले आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले. साबण घेऊन बोटं चोळू लागले, मनगटं चोळू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं भर दिवसा दिसलं. प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले.

उन्नतीच्या सगळं ध्यानात आलं. पुढच्या फेरीच्या नमुन्यांसाठी तिने नाव घालून ठेवलेल्या त्या नव्याकोऱ्या पिशव्या. पाणी गळत नाही म्हणून आईने उचलल्या असणार.

हेतल मॅडमनी पुडी उचलली आणि अक्षरं वाचली.

"इथे तर निवटे मिळत नाहीत ना?"

"पिशवी नवी आहे, मॅडम. आत धुतलेली पापलेटं आहेत, खोल पाण्यातली," उन्नती म्हणाली. "आईने रिकामी उरलेली पिशवी वापरली."

बेसिनपाशी सरांचे खांदे सैल पडले. मानही न वळवता ते म्हणाले, "बघा. नुसता घोटाळा."

हेतल मॅडम मात्र उन्नतीकडेच बघत होत्या.

"पिशवी रिकामी उरली कशी?"

टेबलावर दोन सह्यांचा फॉर्म पडला होता. तिसरी जागा कोरी होती. उन्नतीने त्या कोऱ्या जागेकडे एकदा पाहिलं. मग सॅकमधून लाल रेघ मारलेलं पान काढलं आणि मॅडमच्या पुढ्यात, पापलेटांच्या शेजारी ठेवलं.

"तिकडे जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली.

सर अजून हात धूत होते.