उडत्या इसमाविषयी पालकांसाठी माहिती

'सदर खेळात एक इसम उडतो,' एवढं लिहून गहिनीनाथनं पेनाला टोपण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं.

रविवारचे सव्वातीन झाले होते. सोमवारी प्रार्थनेच्या आत हा कागद मुख्याध्यापक आबासाहेबांच्या टेबलावर जायचा होता. गहिनीनाथ पारनेर तालुक्यातल्या त्या गावात ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा. सतरा वर्षांत त्यानं एकदाही पाळी चुकवली नव्हती आणि सहीपलीकडे काही लिहिलंही नव्हतं.

झालं होतं असं, की त्याच्या मेहुण्यानं, योगेशनं, पुण्याहून व्हिडिओ गेमचं एक जुनं यंत्र आणून भाचीला दिलं. सोबत एक सीडी. तिच्यावर मार्करनं 'हिरो २' लिहिलेलं. एक कुठं गेला, हे कुणी विचारलं नाही. भाची, म्हणजे गहिनीनाथची ज्ञानेश्वरी, सातवीत होती. तिनं वर्गात सांगितलं की मी काल उडाले आणि नऊ जणांना मारलं. तीन पालक शाळेत गेले.

"यंत्र तुमच्या घरात आहे," आबासाहेब गहिनीनाथला म्हणाले, "तेव्हा बघून तुम्हीच लिहा. पालकांसाठी मार्गदर्शिका. मुलांना योग्य की अयोग्य. मी बोर्डावर लावतो. अयोग्य असेल, तर यंत्र पहिल्या एसटीनं पुण्याला."

म्हणून ज्ञानेश्वरीनं आज न सांगता बापाला दोनदा चहा केला होता.

"लिहा की बापू, मारामारी न्हाई म्हनून."

"मंग मघाशी त्या मानसाला खांबावर का फेकला?"

"त्यो दरोडेखोर हुता."

"त्याला इचारलं हुतं का तू?"

ज्ञानेश्वरीनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"बरं, ह्यो खेळ संपतो कवा?"

"संपत न्हाई. सगळं शहर मोकळं हाय. कुठंबी जायचं, कायबी करायचं."

हे गहिनीनाथला पटेना. त्याच्या जगात प्रत्येक गोष्ट संपायची. वरची आळी तीन ते साडेचार. खालची आळी साडेचार ते सहा. सहाला लाईट जायची. आजही तीनच्या ठोक्याला वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडून तो घरी आला होता, आणि व्हॉल्व्हची हातभर लांब चावी त्याच्या मांडीशी पडलेली होती.

"उडून उतरून दाव," तो म्हणाला.

ज्ञानेश्वरीनं हिरोला उडवलं आणि धाडकन रस्त्यावर उतरवलं. उतरताना त्याचा पाय कडेच्या तांबड्या लोखंडी नळाला लागला. नळ मोडला आणि पाण्याचा फवारा दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. हिरो कमरेवर हात ठेवून उभा.

"थांब!" गहिनीनाथ उठून उभा राहिला. "पानी बंद कर."

"ते असंच असतं, बापू. बँकेत चोर शिरलेत, तिकडं जायचंय."

"चोरांना पोलीस हायेत. पान्याला कोन हाय?"

राळेगणसिद्धीला दोनदा जाऊन आल्यापासून गहिनीनाथला लग्नाच्या पंगतीतलं हात धुणंसुद्धा बघवत नसे. हा तर चार इंची लाईनचा फवारा होता.

"बंद करून परत चालू केलं, की नळ नवा व्हतो," ज्ञानेश्वरीनं सुचवलं.

"बटन दाबून गळती थांबत न्हाई. दिसायची थांबती. व्हॉल्व्ह हुडक. सहाला लाईट जायच्या आत."

शोध सुरू झाला. उडायला गहिनीनाथनं मनाई केली. लाईन जमिनीतून जाते, आभाळात काय बघायचं? मग तो जगाचा रक्षणकर्ता मान खाली घालून गटारीच्या कडेकडेनं चालायला लागला. लोखंडी झाकणं खूप होती, पण एकही उघडेना. मागं बँकेची घंटा वाजत होती. मधेच आभाळातून एक राक्षसी यंत्र आलं आणि इंग्रजीत काहीतरी धमकावून गेलं.

"त्याला म्हनावं, कामात हाय," गहिनीनाथ म्हणाला.

यंत्रानं दोन इमारती पाडल्या. गहिनीनाथनं आधी त्यांच्या नळजोडण्या बघितल्या.

शेवटी एका गच्चीवर पाण्याची टाकी दिसली. तो टीव्हीला भिडला. "खाली बघ! टाकीखाली व्हॉल्व्ह असनारच."

टाकीखाली व्हॉल्व्ह नव्हता. पाईपच नव्हता.

"मंग पानी येतं कुठनं? आन् ह्या टाकीवर सही कोनी केली?"

तो घरात येरझारा घालायला लागला. उंबऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा, फवारा बघायचा. तिसऱ्या फेरीला उंबऱ्यात खालच्या आळीची केशरबाई उभी. कमरेवर रिकामा हंडा.

"भाऊ, पानी?"

"तेच हुडकतोय, केशरबाई. व्हॉल्व्हच घावंना."

"अवो, आमचं पानी! पाच वाजून गेलं!"

गहिनीनाथनं घड्याळाकडं बघितलं. मग चावीकडं. मग त्यानं चावी उचलली आणि अनवाणी पळत सुटला.

वरच्या आळीनं हंडे, पिंपं, पातेली आणि वाट्या भरून घेतल्या होत्या. मग एक ट्रॅक्टर धुतला होता. त्यानं मन भरेना, म्हणून शेजारचाही. सतरा वर्षांत पहिल्यांदाच पाणी जात नव्हतं, तर लोकांना वाटलं काहीतरी सण असेल.

टाकीत वीतभर पाणी उरलं होतं. त्यानं वरचा व्हॉल्व्ह आवळला आणि खालचा सोडला. खालच्या आळीत सुतासारखी धार आली आणि पंधरा मिनिटांत बंद पडली. घरटी अर्धा हंडा.

"करत काय हुता एवढा येळ?" केशरबाईनं सगळ्या बायांदेखत विचारलं.

खोटं बोलायला गहिनीनाथला जमायचं नाही. "पानी बंद करत हुतो," तो म्हणाला.

हे काय प्रकरण आहे ते बघायला केशरबाई अर्धा हंडा घेऊन त्याच्या घरी आली. टीव्हीवर फवारा चालूच होता. तिनं हंडा खाली ठेवला.

"ह्यो कोनी सोडलाय?"

"ह्यानंच फोडला," ज्ञानेश्वरी हिरोकडं बोट दाखवून म्हणाली.

"आन् नुसता हुबा? एवढा धडधाकट गडी? त्याला म्हनावं, काय तरी ठेव त्याच्यावर. धोंडा ठेव."

"धोंडा न्हाई, मावशी. बस चालंल?"

कुणी हो म्हणायच्या आत ज्ञानेश्वरीनं रस्त्यातली एक बस हिरोकडून उचलली, डोक्यावरून आणली आणि फवाऱ्यावर ठेवली. पाणी थांबलं. केशरबाईनं "आत्ता कसं!" म्हणून हंडा उचलला. दोन मिनिटांनी लाईट गेली.

अंधारलेल्या घरात ज्ञानेश्वरीनं कंदील लावून बापापुढं ठेवला आणि समोर बसली. चहाचं विचारलं नाही. "आता अयोग्य लिवनार ना?" एवढंच म्हणाली.

गहिनीनाथनं पेनाचं टोपण काढलं. मग त्यानं एका दमात लिहिलं.

सोमवारी आबासाहेबांनी कागद वाचला. ते खालच्या आळीत राहायचे आणि अर्ध्या तांब्यात दाढी करून आले होते.

'सदर खेळात एक इसम उडतो. त्याच्याकडे चावी नाही व चावी ठेवण्यास खिसाही नाही. तरी माझ्या मुलीने फुटलेला नळ बंद केला. मी केला नाही, व गावचा चालू ठेवला. सबब खेळ मुलांस योग्य आहे. पालकांनी खेळू नये. पाण्याची पाळी असताना तर मुळीच नाही.'

आबासाहेबांनी हनुवटीवरून हात फिरवला आणि कागद बोर्डावर लावायला शिपायाकडं दिला. यंत्र राहिलं.

त्या दिवसापासून गहिनीनाथ पाळी संपेपर्यंत चौकातल्या व्हॉल्व्हच्या झाकणावरच बसायला लागला. पण एक गोष्ट त्याला बसू देत नव्हती. शेवटी शाळेतून येणाऱ्या ज्ञानेश्वरीला त्यानं झाकणावरूनच हाक मारली.

"ती बस. तिच्यात मानसं हुती का गं?"

"बघितलं न्हाई, बापू."

"कुठं निघाली असतील?"

तेवढ्यात पारनेरची एसटी चौकात येऊन थांबली. गहिनीनाथ उठला, जवळ गेला आणि वाकून तिच्या खाली ओल दिसते का ते बघायला लागला.