थर्माकोलमागचा झरोका

मी एक जुना झरोका आहे. न्हाणीघराच्या भिंतीत, छताला खेटून बसवलेला, वीतभर उंचीचा. मला बसवणारा गवंडी हसत म्हणाला होता, "घराला नाक बसवलं. आता शिंकलं नाही म्हणजे मिळवली!"

मित्रांनो, नाकाचे काम मी इमानाने केले. साबणाचा वास, पाण्याची वाफ, सारे बाहेर घालवले. पुढे माझ्यासमोरच्या भिंतीवर गॅसचा गिझर आला. त्याच्या ज्योतीला ताजी हवा मीच पुरवत असे, वापरलेली हवा मीच बाहेर काढत असे. "इथे कधी कोंदट वाटत नाही," असे भाडेकरू म्हणत, तेव्हा मला बरे वाटे.

मग दोघी बहिणी शिकायला इथे राहायला आल्या. थोरलीला धाकटी 'ताई' म्हणे. थंडी पडली आणि माझ्यातून कबुतरे आत येऊ लागली. बादलीत पिसे पडत. धाकटीने घरमालक काकांना जाळीबद्दल विचारले.

"लावा की जाळी," काका म्हणाले, "पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही. पोरं जातात निघून, भोकं मागे राहतात."

खिळा नाही, तर जाळी कशी बसणार? ताईने मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल कापला आणि रुंद चिकटपट्टीने माझ्या तोंडावर घट्ट बसवला.

"ताई, तू तर सुतारच झालीस!"

"मग? उरलेली पट्टी तुझ्या तोंडासाठी ठेवलीये."

दोघी खूप हसल्या. काका पाहायला आले, त्यांनीही पाठ थोपटली. "शाब्बास! एक खिळा नाही. असे भाडेकरू हवेत."

माझ्या पाठीशी मोकळा वारा होता, पण तो आत जाईना. गिझरची निळी ज्योत पिवळी पडू लागली. पुरेशी हवा मिळाली नाही की ज्योत एक विषारी वायू सोडते. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. माणसाला फक्त गळून गेल्यासारखे होते.

धाकटी आंघोळ करून आली की तिचे डोके ठणके, मळमळे. कॉलेजात गेली की तासाभरात बरे वाटे.

"अभ्यासाचं पुस्तक उघडलं की हिचं डोकं दुखतं," ताई चिडवी, "आणि मैत्रिणी भेटल्या की पळतं!"

घराबाहेर पडताच दुखणे पळते, हीच खरी खूण होती. तिची थट्टा झाली.

एका रविवारी सकाळी ताई केस धुवायला गेली. दाराला आतून कडी होती. धाकटीने चहा गाळला.

"ताई, चहा निवतोय!"

"आले गं."

थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली. नुसते पाणी वाहत होते. ताई नेहमीसारखी चिडवायला मुद्दाम गप्प बसली आहे, असे धाकटीला वाटले. मग तिने दार ठोठावले. मग दोन्ही हातांनी बडवले. शेजाऱ्यांनी येऊन कडी तोडली, तेव्हा गिझर अजून जळत होता.

ताई दवाखान्यातून परत आली नाही.

काही दिवसांनी मुलींचे बाबा सामान न्यायला आले. त्यांनी ताईचा टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. मग स्टुलावर चढून थर्माकोल ओढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही सोलून निघाला. दारात काका उभे होते. त्यांच्या हातात जाळी होती. त्यांनी गिझर आधीच काढून बाहेरच्या मोकळ्या गच्चीत लावून घेतला होता.

"खिळा ठोका, साहेब," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर ठोका."

काकांनी ठोकला. मग माझ्यावर जाळी ताणून बसवली.

मित्रांनो, शिकायला परक्या घरी राहाल तेव्हा आधी मान वर करून मला शोधा. माझे तोंड बुजवू नका. गॅसचा गिझर न्हाणीघरात असेल, तर तो बाहेर हलवून द्या म्हणून घरमालकांच्या मागे लागा. ज्योत पिवळी दिसली, घरात डोके दुखले आणि बाहेर गेल्यावर थांबले, तर हसण्यावारी नेऊ नका. गॅस बंद करा, सगळे बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांकडे जा. या वायूची चाहूल लागताच वाजणारी घंटा मिळते, ती घरात लावा. तिच्यासाठी खिळा लागला तरी लावा.

खिळ्याचे भोक चिमूटभर सिमेंटने बुजते.