सत्तेचाळीस भोकांचा कोट

वर्गात तीस जण होते आणि तिसांनाही कचरा हवा होता. कपडे तयार करायला शिकवणाऱ्या त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला एकच मोठं काम असे: लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंमधून अंगात घालता येईल असा कपडा बनवायचा. कचरा म्हणजे पैशाला पासरी, असं कुणालाही वाटेल. पण आपल्याला हवा तसा कचरा हवा तेव्हा मिळत नाही, हे कामाला लागल्यावरच कळतं. बाटल्यांच्या झाकणांचं जाकीट करायला निघालेल्या मुलाला सहाशे झाकणं लागणार होती. चार दिवस वणवण करून तीस मिळाली. शेवटी त्यानं खोक्यांनी सोडा विकत आणला आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना बळंच पाजला. तेव्हापासून त्याचं नाव झाकण्या पडलं. एकीनं नवी कोरी जीन्स आणून ती दगडावर घासून घासून जुनी केली. एकानं जुन्या कॅसेटींच्या फितींचा झगा विणला. झगा देखणा झाला, फक्त तो घालून खाली बसता येत नव्हतं आणि एकदा बसलंच तर उठता येत नव्हतं.

या सगळ्यांत अस्सल कचरा एकीकडेच होता. तिला वर्गात आजी म्हणत. वय एकवीस, पण सुयांचा डबा कायम जवळ, आणि कुणी टाचणी ओठांत धरलेली दिसली की ही ओरडलीच. तिनं एका हॉटेलातून दोन लोकरी ब्लँकेटं आणली होती. राखाडी रंग, त्यात बारीक चौकडा, आणि कसरीनं खाऊन अशी चाळण केलेली की हॉटेलवाल्यानं वर आभार मानले. पांघरायला काढलं असतं तर पांघरणाऱ्यालाच थंडी वाजली असती.

तिचे वडील रफू करत. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, चावीवाला आणि चपला शिवणारा यांच्यामध्ये त्यांचं दुकान होतं. दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं श्वास घ्यायला बाहेर जावं, एवढंच. शेजारचा चपलावाला अधूनमधून कुठूनतरी एखादा जुना कोट पैदा करी आणि म्हणे, "हं, सांगा बघू." वडील डोळे मिटून कापडावरून बोटं फिरवत आणि रफू जिथं असेल तिथं बोट ठेवत. दुसऱ्या गावात, दुसऱ्या कारागिरानं, वीस वर्षांपूर्वी केलेला असला तरी. इतक्या वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते, आणि चपलावाल्याची हौसही फिटली नव्हती.

"शिंप्याचं काम दिसायला पाहिजे," ते म्हणत. "आपलं दिसलं, की बोंबललं."

आजी हे ऐकतच मोठी झाली होती. आठव्या वर्षी तिच्या हातात सुई आली आणि बाराव्या वर्षी गिऱ्हाइकांचे मोजे. बापावर तिचा जीव होता. पण त्या जिन्याखाली जन्म काढायचा, या विचारानं तिचा जीव गुदमरे. वडिलांनी गेल्या वर्षीच दुकानात दुसरं स्टूल आणून ठेवलं होतं. बोलले काहीच नव्हते, आणि न बोलण्यानंच पंचाईत झाली होती. बोलले असते तर नाही म्हणता आलं असतं.

सुटकेची वाट एकच होती. दरवर्षी परीक्षेला शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या कपडेपटाच्या प्रमुख बाई यायच्या आणि तिसांतून एकाला कामावर घ्यायच्या. तिथं तीनशे वर्षांपूर्वीच्या झग्यांपासून शिपायाच्या गणवेशापर्यंत सगळं शिवत. खिडक्या मोठ्या, टेबलं लांब. आजी एकदा वर्गाबरोबर ते बघून आली होती आणि त्यानंतर तिला दुसरं काही सुचलेलं नव्हतं. ती जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर स्टूल होतंच.

नियम असा, की सगळं काम स्वतःच्या हातानं करायचं. म्हणून तिनं पहिल्याच दिवशी घरात सांगून टाकलं, "बाबा, कोट तुम्ही बघायचाही नाही. बघितलात तर हात घालाल."

"घालीन," वडील प्रामाणिकपणे म्हणाले आणि त्या दिवसापासून तिच्या खोलीत फिरकले नाहीत.

रफू दिव्याखाली करायचा नसतो, रंग फसवतो. ती दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसे. ब्लँकेटाच्या कडेतून एकेक धागा उसवून काढायचा आणि त्यानंच भोक भरायचं. उभे धागे आधी, आडवे नंतर, चौकड्याची रेघ रेघेला मिळवून. मग सुईच्या टोकानं लोकर जराशी उठवायची, म्हणजे वरून-खालून, कुठूनही बघा, कापड सारखं. भोकं मोजून सत्तेचाळीस होती. छोट्याला दोन तास, डाव्या खिशाच्या वरच्या मोठ्याला दोन अख्खे दिवस. अकरा आठवडे ती एवढंच करत होती. मग कोट बेतला, शिवला, आणि धागे काढून काढून उरलेली कड फेकून दिली.

शिकवणाऱ्या मॅडमनी तो पाहिला आणि बाह्यांवरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "अगं, दोन-चार भोकं राहू दे की. हल्ली तर लाल दोऱ्यानं मुद्दाम दिसेल असं शिवतात. फॅशन आहे ती."

"भोक ठेवू, मॅडम? बाबांना कळलं तर घरात घेणार नाहीत."

मॅडम हसल्या आणि विषय तिथंच राहिला. तो तिथं राहायला नको होता.

परीक्षेच्या दिवशी दालनात लांब टेबलं मांडली होती. कपडेपटाच्या बाई बुटक्या, गळ्यात मापाची टेप, आणि बोलणं सुईसारखं. त्यांनी झाकणांचं जाकीट हातात धरून फक्त हलवलं. खुळखुळ्यासारखा आवाज आला. "चोराला घालायला द्या, लगेच सापडेल," म्हणून त्या पुढं सरकल्या. आजीच्या टेबलाशी येऊन मात्र त्यांनी तो कोट सरळ स्वतःच्या अंगात घातला. हात वर केले, खाली बसल्या, उठल्या, खिशात हात घातले. त्यांच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदाच बरं काहीतरी उमटलं.

"छान बेतलायस. फार छान. पण यात टाकाऊ काय आहे?"

"सगळाच, बाई. हॉटेलची ब्लँकेटं आहेत. सत्तेचाळीस भोकं होती."

"कुठायत?"

"भरली."

बाईंनी कोट काढला, खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला. आजीनं वहीतले फोटो पुढं केले. बाईंनी बघितले आणि परत दिले. "गेल्या वर्षी एकानं फोटो पोत्यांचे आणले आणि कपडा नव्या कापडाचा. तेव्हापासून फोटो मी पुराव्यात धरत नाही. हे कापड बाजारात वारावर मिळतं, मी स्वतः घेतलंय."

आजीनं बोट ठेवलं. "इथं होतं. इथं. आणि हे इथं."

बाईंनी तिन्ही जागा भिंगातून पाहिल्या. "तू बोट ठेवतेस तिथं मी बघतेय, आणि मला कापड दिसतंय. बाळ, तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण नियम माझ्यासाठीही आहे." त्यांनी तिच्या नावापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. "तीनपर्यंत मी इथं आहे."

आजीनं वही मिटली. अकरा आठवडे खपून आपण काय केलं, तर आपण काही केलंय याचा पुरावाच नाहीसा केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. हिनं तर हात लपवून करून घेतलं होतं.

मॅडमनाच सुचलं. "तुझे वडील रफूवाले ना? त्यांना डोळे मिटून सापडतं म्हणतात. बोलाव त्यांना."

बाईंनाही ते पटलं. कारागीर माणूस, त्याला आधी काही सांगायचं नाही, मुलीनं मधे बोलायचं नाही. त्यानं चार जागा दाखवल्या आणि त्या भिंगाखाली पटल्या, तर झालं.

वडील भर दुपारी दुकान बंद करून आले. कॉलेजात ते पहिल्यांदाच येत होते. दारात थांबून त्यांनी केसांवरून हात फिरवला, लेकीकडे बघून मान हलवली, आणि टेबलावरचा कोट पाहताच बाकी सगळं विसरले. डोळे मिटले. बोटं कॉलरवरून निघाली.

पहिली पाच मिनिटं त्यांचा चेहरा दुकानात असतो तसाच होता. डावा खांदा झाला, उजवा झाला. पाठ झाली. बोटं हळू चालायला लागली. त्यांनी कोट उलटला आणि पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली. अर्ध्या वाटेत खुर्ची मागितली. सगळा वर्ग गोळा झाला होता. झाकण्या नखं खात होता. वीस मिनिटांनी वडिलांनी डोळे उघडले.

"कापड चांगलंय," ते म्हणाले.

"रफू कुठाय?" बाईंनी विचारलं.

वडिलांनी नाही अशी मान हलवली.

आजीला राहवलं नाही. "बाबा, डाव्या खिशाच्या वर! तिथं बघा!"

नियम मोडला होता, पण बाईंनीच भिंग पुढं केलं. वडिलांनी तिथं बोट फिरवलं. भिंग लावलं. चष्मा वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. कापडाच्या बाबतीत हा माणूस उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता. गिऱ्हाइकाशी नाही, बायकोशी नाही. आता लेकीसाठी तरी बोलावं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"इथं रफू नाही."

"बाबा!"

"नाही गं. उगाच कसं सांगू? इथं कधी काही झालेलंच नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मॅडमनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. कपडेपट गेला, लांब टेबलं गेली, मोठ्या खिडक्या गेल्या. आणि त्याच वेळी आजीला हसूही फुटत होतं, तेही खरं. तीस वर्षांत न चुकलेला माणूस तिच्या कामावर बोट ठेवून म्हणत होता, इथं कामच नाही. एवढं मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालं नसेल, आणि एवढं कुचकामीही.

तिनं डब्यातून सुई काढली आणि कोट स्वतःकडे ओढला. खिशाच्या वर, दोन दिवस घालवले होते तिथं, सुईचं टोक एका धाग्याखाली घातलं.

"अगं, चांगलं कापड खराब करतेस!" वडील पुढं झाले.

"करू दे, बाबा."

तिनं धागा ओढला. तो मुकाट्यानं बाहेर आला, बोटभर लांब. मग दुसरा. सुरुवात कुठं आणि शेवट कुठं, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. आडवे संपले, उभे सुरू झाले. अठ्ठावीस धागे टेबलावर ओळीनं पडले तेव्हा कोटाला एक मोठं वाकडंतिकडं भोक होतं आणि त्याची कड कसरीनं कुरतडलेली होती. तशी कड कात्रीला जमत नाही, हे बाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी भोकातून करंगळी घालून पाहिली.

"अशी सत्तेचाळीस?"

"भरलेली आता सेहेचाळीस," आजी म्हणाली.

बाईंनी प्रश्नचिन्ह खोडलं. मग टेप गळ्यात नीट करत म्हणाल्या, "एक तारखेला नऊ वाजता ये. सव्वानऊ चालणार नाहीत."

वर्गानं गलका केला. झाकण्यानं आनंदानं जाकीट हलवलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. वडिलांच्या ते काही कानावर गेलं नसावं. ते टेबलावरचे धागे एकेक उचलून उजेडात धरत होते, पुन्हा भोकाकडे बघत होते.

"परवा पाचला हे सगळं बाहेर मांडायचंय," बाई म्हणाल्या, "आणि समोरच भोक. परीक्षा संपली, आता कुणीही भरलं तरी चालेल. भाऊ, तुम्हीच बसा की. पोरीचे हात बघा कसे कापताहेत."

कापत होतेच. आजीनं सुई वडिलांपुढं धरली. त्यांनी ती घेतली, एक धागा उचलला, सवयीनं ओवलाही. मग भोकाजवळ सुई नेली आणि तिथंच थांबले.

"नको," ते म्हणाले. "माझा दिसेल."

रागावून नाही, कौतुकानंही नाही. गिऱ्हाइकाला कापडाचा रंग सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. ओवलेली सुई लेकीच्या हातात परत दिली, खुर्ची उचलून खिडकीशी नेऊन ठेवली, आणि तिच्या हातांचं कापणं थांबेपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले.