मिरच्यांच्या माळेखालचे रांजण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. जुनी म्हटले की लोकांना वाटते, हिला आता भोके पडली असतील. अहो, चाळणीला भोकेच असतात, आणि माझी एकूणएक शाबूत आहेत! ट्युनिशियात, समुद्राकाठच्या कोर्बा गावी, मन्नूबियाच्या साठवणीच्या खोलीत मी राहते. माझ्यापुढे कुणाची लपवाछपवी चालत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कैरवानच्या बाजारातला. एका कारागिराने लाकडाची पट्टी उकळत्या पाण्यात मऊ केली, वाकवली आणि तिच्यावर बारीक तारेची जाळी ताणून बसवली. मग त्याने माझ्यावर टिचकी मारली. मी टणकन वाजले, तेव्हाच त्याने मला दुकानात टांगले. मन्नूबिया नवी नवरी असताना तिचा नवरा तिजानी मला घेऊन आला. तो मिरचीची शेती करायचा. त्याच्या हातांना मिरचीचा वास कायम असे, आणि मन्नूबिया त्यावरून त्याची खूप थट्टा करी.

ऑगस्ट उजाडला की गल्लीतल्या बायका एकेकीच्या घरी जमत. मोठ्या लाकडी परातीभोवती बसून रव्यावर मिठाचे पाणी शिंपडत आणि तळहाताने गोल गोल फिरवून त्याचे बारीक दाणे, म्हणजे कुसकुस, वळत. माझ्यातून मोहरीएवढा दाणा खाली पडे. वर राहिलेले गोळे पुन्हा मोडायचे, पुन्हा वळायचे. मग वाफवून, गच्चीवर चादरींवर वाळवून तो रांजणांत भरला की वर्षाची बेगमी झाली. मन्नूबियाच्या घरचा दाणा कसा एकसारखा, असे सगळ्या म्हणत. ती स्तुती अर्धी माझी होती, आणि मी ती खुशाल घेत असे.

पुढे तिजानी वारला. मन्नूबियाचे हात दुखू लागले. कुणीतरी तिला निळ्या प्लॅस्टिकची हलकी चाळण आणून दिली आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेले. तिथे माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने संसार थाटला. मला वाईट वाटले, फार वाईट वाटले. पण खिळ्यावरून खोली मात्र सगळी दिसे. समोर भिंतीपाशी रांजण आणि त्यांच्यावर तिजानीच्या शेवटच्या पिकातल्या मिरच्यांची माळ. मन्नूबियाचा तिच्यावर भारी विश्वास. एवढ्या तिखटापुढे कीड कुठली टिकायला! दरवर्षी रांजण भरले की ती त्या माळेतल्या काही मिरच्या तोडून दाण्यांवर ठेवी. कोपऱ्यातला एक रांजण तेवढा माळेपासून दूर होता. त्याच्यापर्यंत जायला तिचे गुडघे कुरकुरत, म्हणून त्याला कधी मिरची मिळाली नाही.

मन्नूबियाचा मुलगा खमैस याचे लग्न झाले आणि दलेंदा या घरात आली. पहिल्याच ऑगस्टमध्ये सगळा कुसकुस तिने वळला. नोव्हेंबरात मन्नूबियाने रांजण उघडला आणि ओरडली.

"अगं बाई! किडे! दलेंदा, नीट वाळवला होतास ना गं, की दिल्यास चादरी गुंडाळून?"

"खडखडीत वाळवला होता, उम्मी. तुम्हीच हात घालून बघितलात की."

"मी बघितला तो वरचा. आत ओला राहिला असणार, म्हणून सोंडे झाले. हातच ओला तुझा!"

उम्मी म्हणजे आई. दलेंदा सासूला प्रेमाने तसे म्हणायची. आणि नेमकी तेव्हाच शेजारीण सलूहा दारात उभी. मग काय, संध्याकाळपर्यंत ओला हात सगळ्या गल्लीत पोचला.

सलूहाच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि शुक्रवारी तिच्या घरी लग्नाचा कुसकुस वळायचा होता. ती मन्नूबियाला सांगायला आली. "तू ये हं शुक्रवारी. सुनेला राहू दे घरी. राग नको मानूस बाई, लग्नाघरचं काम आहे."

दलेंदा आतच भांडी घासत होती. तिने सगळे ऐकले. मित्रांनो, त्या परातीभोवतीची जागा एकदा गेली की कुणी बोलावून परत देत नाही. मग लग्नात, बारशात, मयतीत ती बाई कडेलाच उभी राहते. दलेंदा कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. मला खिळ्यावरून उडी मारावीशी वाटली.

खमैस म्हणाला, "उम्मी, टाकून दे सगळा. दुकानातून पुडे आणतो ना."

"आण हो पुडे. आणि जमलं तर आईसुद्धा दुकानातूनच आण!"

मन्नूबियाने माळेतल्या आणखी मिरच्या तोडून रांजणांत खोचल्या. थोड्याच दिवसांत किडे दुप्पट झाले. निळी चाळण काही कामाची नव्हती. तिच्या भोकांतून दाण्यांबरोबर किडेही सुखाने खाली उतरत.

तेव्हा दलेंदाने मला खिळ्यावरून काढले. धुतले, उन्हात कोरडे केले, अंगणात पांढरी चादर अंथरली. माळेखालच्या रांजणातला वरचा थर तिने माझ्यात ओतला. दाणे खाली गेले आणि किडे माझ्या जाळीवर उरले, मोहरीपेक्षा जरा मोठे, तांबूस, पाठीला गोल. मी जन्मभर सोंडे पाहिले आहेत. त्यांना पुढे लांब नळीसारखी सोंड असते. यांना सोंड नव्हतीच. दलेंदाने एकाला बोट लावताच त्याने पाय पोटाशी घेतले, डोके खाली लपवले आणि मेल्याचे सोंग घेतले.

"उम्मी, जरा बघा. हे सोंडे नाहीत."

"किडा तो किडाच. त्याला काय नाव विचारायचंय?"

"कुठून आला ते तर विचारायचंय!"

मग तिने त्याच रांजणाच्या तळातला कुसकुस चाळला. एकही किडा नाही, गुठळी नाही, बुरशी नाही. ओलावा असता तर तळ आधी बिघडला असता. शेवटी तिने कोपऱ्यातला रांजण उघडला. मी हलत राहिले, आणि माझ्या जाळीवर काहीसुद्धा उरले नाही.

"हा पण याच हातानं वळलाय, उम्मी."

मन्नूबियाने त्यातले दाणे हातावर घेऊन पाहिले. दलेंदाने माळेखालच्या रांजणातली एक मिरची उचलली. सालीवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके होती. तिने ती माझ्यावर झटकली. तांबडी भुकटी खाली गेली, आणि वर तेच किडे, तसेच पाय दुमडून पडलेले.

"खोटं! मिरची कुठं खातात किडे?" म्हणत मन्नूबियाने स्वतः माळ खाली काढली. सर्वांत मोठी मिरची मुठीत धरली. ती चुरली, आणि मुठीत नुसता भुगा राहिला. बी नाही, गर नाही. तिजानीच्या शेवटच्या पिकातले आत काहीच उरले नव्हते. मन्नूबिया तिथेच खाली बसली आणि रडली. मलाही त्या माणसाची आठवण आली. त्यानेच तर मला या घरात आणले होते. दलेंदाने सासूच्या मुठीतला भुगा हलकेच आपल्या फडक्यात घेतला.

डोळे पुसून मन्नूबिया उठली, तिने अंगणातली भट्टी पेटवली आणि सगळी माळ तिच्यात टाकली.

"उम्मी, नको! खकाणा उठेल!"

उठलाच! गल्लीभर ठसका लागला. खिडक्या धडाधड बंद झाल्या, कोंबड्या शिंकल्या, आणि सलूहा तोंडाला ओढणी लावून धावत आली. तिच्यामागे आणखी चार-पाच जणी.

"मन्नूबिया! मारतेस का आम्हाला? काय जाळतेस?"

मन्नूबिया खोकत खोकतच म्हणाली, "किडे जाळतेय. माझ्या माळेतले. मीच माझ्या हातानं रांजणात घालत होते आणि नाव हिचं घेत होते. हिचा हात कोरडा आहे, ऐकलंत का? सगळ्यांनी ऐका. ओला म्हणाले तेव्हा ऐकायला बऱ्या जमल्या होतात!"

सलूहाने डोळे चोळले. "मग शुक्रवारी..."

"शुक्रवारी ही बसेल परातीपाशी, माझ्या जागेवर. मी पाणी शिंपडीन."

त्या दिवशी वरचे थर कोंबड्यांना गेले. उरलेला कुसकुस निवत आलेल्या भट्टीत पत्र्याच्या परातींमधून तापवला आणि मी तो पुन्हा चाळला. रांजण उकळत्या पाण्याने धुतले, भेगा लिंपल्या, तोंडांवर घट्ट झाकणे बसली. आणि मन्नूबियाने प्रत्येक रांजणात आधी डोकावून पाहिले, मगच तो भरला.

मित्रांनो, तुमच्या घरीही डब्यात कधी इवलेसे किडे दिसतील. आरडाओरडा करू नका आणि कुणाकडे बोटही दाखवू नका. एक पांढरे फडके पसरा, चाळा, किडा नीट पाहा. तो कोणत्या डब्यात आहे आणि कोणत्यात नाही, हे शोधा. ज्या वस्तूवर तुमचा फार जीव आहे, ती आधी उघडून बघा. आणि कुणाला चारचौघांत दोष दिला असेल, तर तो मागेही चारचौघांतच घ्या. शुक्रवारी सलूहाच्या अंगणात मी दलेंदाच्या हातात होते, आणि मन्नूबिया तिच्या शेजारी बसून पाणी शिंपडत होती.