म्हसोबाचं पान

पालममध्ये रंगनाथ पेंटरनं रंगवली नाही अशी पाटी शोधायची तर भरदुपारी कंदील घेऊन हिंडावं लागलं असतं. किराणा, कापड, खताचं दुकान, पिठाची गिरणी, सगळीकडं त्याचाच हात. पण पेंटर लोक पाटीच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतात, तसं ह्याचं नाव कुठंच नव्हतं. पहिल्या दोन-तीन पाट्यांवर त्यानं बारीक अक्षरात ‘रंगनाथ खिल्लारे’ असं लिहिलं होतं. मालकांनी मजुरी चोख दिली आणि नाव तेवढं पुसायला सांगितलं. खिल्लारे म्हटलं की माणूस कुठल्या वस्तीतला, हे लोकांना विचारावं लागत नाही.

म्हणून सत्त्याऐंशी साली गंगाखेडच्या एका छापखान्याचे मालक दिनकरराव त्याचा पत्त्यांचा खेळ छापायच्या गोष्टी करू लागले, तेव्हा रंगनाथनं एकच विचारलं, “डब्यावर माझं नाव यील का?”

“खेळ तुमचा, मग नाव दुसऱ्याचं कशाला येईल? बाजाराच्या दिवशी येतो, एक डाव खेळून बघतो,” दिनकरराव म्हणाले. ह्या वाक्यावर रंगनाथचे पुढचे आठ दिवस हवेत गेले.

खेळ त्यानं साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून केला होता. साठ पानं. राजे, वीर, राक्षस, हडळी, चेटकिणी. दोघांनी खेळायचं, पाच-पाच पानं समोर मांडायची, त्यात एक राजा. वीर तलवारीनं मारतो, चेटकीण लांबून मंतर टाकते. मेलेलं पान मसणवट्यात, म्हणजे बाकाखाली अंथरलेल्या पोत्यावर टाकायचं. ज्याचा राजा मसणात गेला, तो हरला.

आणि एक पान राखणदाराचं, म्हसोबाचं. तो ज्या पानाशेजारी ठेवला त्याला चेटूक लागत नाही. मंतर राखणदार स्वतःच्या अंगावर घेतो, स्वतः मसणात जातो आणि शेजारचा वाचतो. तलवार तर त्या शेजाऱ्यापर्यंत पोचतच नाही. हा नेम रंगनाथनं सगळ्यांच्या आधी लिहिला होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून त्यांच्या गावात वस्ती पेटली, तेव्हा सोळा वर्षांचा रंगनाथ आईला घेऊन दिवसभर ओढ्यात दडून बसला होता. अख्खं गाव ओळखीचं, पण आडवं कुणी आलं नाही. निदान खेळात तरी कुणी आडवं यावं, असं त्याला वाटलं होतं.

दिनकरराव यायच्या आधी खेळ पारखून घ्यावा म्हणून तो पत्ते घेऊन मुंजाजीच्या हॉटेलात गेला. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाक आणि भज्यांची परात. मुंजाजी माणूस चांगला. त्यानं रंगनाथला कधी वेगळी कपबशी दिली नाही, आणि ही गोष्ट तो महिन्यातून एकदा तरी चारचौघांत बोलून दाखवायचा. समोर खेळायला बसला लिंबाजी, रोज सकाळी दूध घालायला येणारा शेतकरी.

डाव रंगला. लिंबाजीनं चेटकीण उचलली आणि मुंजाजीच्या राजावर धरली. राजाशेजारी म्हसोबा होता.

“म्हसोबा मसणात टाका, मुंजाभाऊ. राजा वाचला,” रंगनाथ म्हणाला.

मुंजाजीनं पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं, नाकाजवळ नेलं.

“रंगू, ह्यो शेंदूर हाय का रे?”

“तांबडा रंग सपला होता. किराण्यातून पुडी आणली.”

“तेलात कालवून लावलास?”

“जवसाच्या तेलात. मग काय पाण्यात लावू?”

मुंजाजीनं लिंबाजीकडं बघितलं. लिंबाजीनं चेटकीण केव्हाच मागं घेतली होती. “माझी म्हैस परवा व्यालीय. म्हसोबावर चेटकीण सोडायला मला काय याड लागलंय?”

“आरं, कागद हाय त्यो!”

“दगड बी दगडच असतोय रंगू, शेंदूर लागूस्तोवर,” मुंजाजी म्हणाला आणि पान अलगद बाकावर ठेवलं. पोत्याकडं त्याचा हात काही केल्या जाईना.

रंगनाथच्या बापानं छप्पन्न साली घरातले देव गोदावरीत सोडले होते. त्यानंतर जन्मलेल्या ह्या पोराला शेंदूर म्हणजे वाण्याकडं मिळणारा एक स्वस्त तांबडा रंग, एवढंच ठाऊक. त्यानं दुसऱ्या दिवशी डब्यातल्या तांबड्या रंगानं नवा म्हसोबा काढून आणला. पण एकदा देव झाला तो झाला. “रंग बदलला म्हणून देव बदलतोय का?” लिंबाजी म्हणाला. पुन्हा जुनंच पान खेळात आलं. ज्यानं राजाशेजारी म्हसोबा मांडला त्याच्या राजाला कुणी हात लावीना, डाव काही संपेना. असला न संपणारा खेळ कोण छापणार? रंगनाथनं घरी येऊन दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्याची बायको सत्यशीला डाळ निवडत होती. ती म्हणाली, “तेंचा म्हसोबा फुकट कुणाला जाऊ देतोय का? कोंबडं घेतोय की.”

रंगनाथ उठला. मग त्यानं नेमाचा कागद काढला, जुना नेम खोडला आणि लिहिलं: राखणीतल्या पानावर मंतर टाकायचा तर आधी आपलं एक पान म्हसोबाला द्यायचं. न दिलं तर मंतर वाया. दिलं तर म्हसोबा वाट सोडतो. म्हसोबा मरत नाही.

लिंबाजी जाम खूश झाला. “आता कसं! रीतीनं झालं.” एका बसणीत तीन डाव झाले. राजावर चेटूक करावं की हातातलं पान वाचवावं, ह्या घोरात दोघं चहा निववून बसू लागले. खेळ पहिल्यापेक्षा झकास झाला, हे रंगनाथलाही कळत होतं. फक्त त्याचा राखणदार आता आडवा पडत नव्हता, कोंबडं घेऊन बाजूला होत होता. ते त्याला मनातून आवडलं नाही.

बाजाराच्या दिवशी दिनकरराव एस्टीनं आले. मुंजाजीनं बाक पुसला, लिंबाजी म्हशी सोडून आला. दिनकरराव रंगनाथशी खेळले. दोनदा त्यांनी म्हसोबाला पान देऊन राखणीतल्या वीरांवर मंतर टाकला, राजाची पाळी आली तेव्हा द्यायला पान उरलं नाही आणि ते हरले. हरूनही मांडीवर थाप मारून हसले.

“एक नंबर! दिवाळीच्या आत छापू. डब्यावर म्हसोबा घेऊ, खाली छापखान्याचं नाव.”

“आणि माझं?” रंगनाथनं विचारलं.

दिनकररावांनी चहाचा घोट घेतला. “पेंटर, तुम्ही समजदार माणूस आहात. खिल्लारे वाचलं की गिऱ्हाईक डबा खाली ठेवतंय. त्यातून वर म्हसोबाचं चित्र. लोक म्हणतील, ह्यांचा काय संबंध? नुसतं ‘रंगनाथ’ घालू. बारीक.”

“पुरं नाव घाला, न्हाई तर राहू द्या.”

“हट्ट कशाला? ह्यांना विचारा हवं तर.” दिनकररावांनी दोघांकडं हात केला.

रंगनाथनं दोघांकडं बघितलं. आठ दिवस ह्याच बाकावर मांडीला मांडी लावून खेळलेली माणसं. एक शब्द पुरला असता. लिंबाजी विडी पेटवत राहिला; ती आधीच पेटलेली होती. मुंजाजीनं घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. रंगनाथनं बराच वेळ वाट बघितली. त्याला राग येईल असं वाटलं होतं, पण नुसतं वाईट वाटलं.

“राहू द्या मग,” तो म्हणाला.

दिनकरराव छत्री उचलून स्टँडकडं गेले. लिंबाजी म्हशींचं निमित्त करून उठला. रंगनाथ एकेक पान गोळा करून पिशवीत टाकू लागला. तेवढ्यात मुंजाजी हात पुसत जवळ आला. त्याला काही बोलायचं दिसत होतं. रंगनाथ थांबला.

“रंगू,” मुंजाजी म्हणाला, “तेवढा म्हसोबा माझ्यापाशी ठिव. पिशवीतून पडायचा कुठं. उगं कुणाच्या पायाखाली यील.”

रंगनाथनं पान काढून त्याच्या हातात दिलं. मुंजाजीनं ते कपाळाला लावलं आणि उदबत्तीच्या फळीवर नीट टेकवून ठेवलं.