छातीवरचं अक्षर

मिलानमध्ये ब्रेरा भागातल्या त्या दुकानात मांडामांड अशी नव्हतीच. पांढऱ्या भिंती, एक लांब दांडी आणि तिच्यावर हात-हात अंतर सोडून टांगलेले मोजके कोट. काळे, करडे, गर्द निळे. ना चमक, ना नक्षी, ना कुठे नाव. ओरेस्ते बेल्लिनझागी तिथे तरुणपणी विक्रेता म्हणून लागला आणि आता साठीला टेकला होता. दुकानाचाच साधा करडा कोट घालून तो दिवसभर उभा असायचा. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड व्हायचे.

म्हातारे मालक वारल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं. त्या मंगळवारी त्यांची मुलगी इलारिया नवा माल घेऊन आली. तिने जुने कोट उतरवून खोक्यांत भरले, वखारीला रवाना केले आणि नवे टांगले. घाट तोच, कापड तेच. फक्त छातीवर डाव्या बाजूला चंदेरी धातूचं एक अक्षर, नखाएवढं.

"कसं वाटतं?"

"हे कशाला?"

"ओरेस्ते, लोकांना कळायला नको, कोट कुणाचा आहे ते?"

"ज्याने घातलाय त्याचा."

"बाबांसारखं बोलू नका. त्यांच्या वेळी लोक कोट घालायचे, आता फोटो काढतात. फोटोत काही दिसलंच नाही, तर आपला काय नि मॉलमधला काय!"

ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला कळत होतं. भांडायची उमेदही नव्हती. त्याने मान हलवली आणि हँगर सारखे केले. इलारिया वरच्या कचेरीत गेली.

दुपारी झेनो पाल्यारिनी आला. हा निवृत्त दंतवैद्य चार-पाच वर्षांतून एकदा यायचा आणि तोच करडा कोट घेऊन जायचा. या खेपेला तो चांगलाच वाळला होता. कोटाची बाही करपलेली होती.

"इस्त्रीनं," तो ओशाळून म्हणाला. "आधी बायको करायची. वसंतात गेली ती."

"अरेरे. मला माहीत नव्हतं, डॉक्टर."

"मुलगी मला लोरेतो चौकातल्या मोठ्या दुकानात घेऊन गेली होती. चार मजले, गाणी ठणाणा वाजतायत. एका निळ्याच्याच किती तऱ्हा! एका कोटाच्या पाठीवर चक्क वाघ. मुलगी म्हणते, पप्पा, निवडा. मला निवडताच येईना. घाम फुटला हो. तुमच्याकडे बरं असतं. कोट अंगात घालायचा आणि विसरून जायचं."

ओरेस्तेने नवा कोट त्याच्या अंगात चढवला. खांदे अचूक बसले. आरशासमोर झेनोचा चेहरा जरा सैलावला आणि मग नजर त्या अक्षरावर अडकली.

"हे काय?"

"नाव. दुकानाचं."

"काढता येईल?"

ओरेस्तेने आतून चाचपून पाहिलं. खिळे अस्तरापर्यंत गेले होते. "भोकं राहतील, डॉक्टर."

"मग राहू दे." झेनो कोट उतरवू लागला. एक बाही निघाली, दुसरीत हात अडकला, आणि तो तसाच थांबला, पुढचं काय ते विसरल्यासारखा.

ओरेस्तेने फार विचार केला नाही. खिशातला खडू, टेप, रुमाल काढला आणि अंगावरचा कोट उतरवून त्याच्यापुढे धरला.

"अहो, हा तुमचा!"

"दुकानाचाच आहे. माप एकच आपलं. घाला."

झेनोने घातला. हात वर केले, खाली सोडले. "अजून ऊब आहे यात," तो म्हणाला. ओरेस्तेने उगीचच त्याची कॉलर नीट केली.

तो गेल्यावर इलारिया खाली आली. ओरेस्ते नुसत्या शर्टावर.

"अंगावरचं काढून वाटायला तुम्ही साधू आहात का?"

"त्याला हवा होता."

ती रागावेल असं त्याला वाटलं. पण तिने दांडीवरचा एक नवा कोट काढला आणि स्वतः त्याच्यासाठी धरला. "निदान असे उभे राहू नका. थंडी आहे." त्याने निमूट बाह्यांत हात घातले. संध्याकाळी दोन तरुण आले, त्यांनी अक्षराचे फोटो काढले आणि दोघांनीही कोट घेतले. इलारियाचं बरोबर होतं. ती चुकली असती, तर तो इतका थकला नसता.

घरी नीवेस सूप ढवळत होती. नवऱ्याकडे बघून ती थबकलीच.

"अगबाई! अखेर काहीतरी दिसतंय अंगावर! इतकी वर्षं मला वाटायचं, नवरा नाही, सावलीच घरी येते."

"नीवेस, नाताळ झाला की मी काम सोडतो."

तिने गॅस बारीक केला. "पाय?"

"पाय. आणि…" त्याने छातीवरच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. "पायच."

शनिवारी तिने त्याला बाजारात ओढून नेलं. हातगाडीवरच्या ढिगातून एक हिरवा स्वेटर उपसला आणि भर रस्त्यात त्याच्या डोक्यातून खाली ओढला.

"खांदा बसत नाही गं."

"नाही बसत तर नाही बसत. तुला कुठे विकायचाय?"

तो हसला. खांद्याची शिवण पार दंडावर उतरली होती. सवयीने त्याने ती एकदा वर ओढली, ती पुन्हा घसरली, आणि मग दोघं कांदे बघायला पुढे गेले.